बातमीतला आजार आणि रिपोर्टातला आजार

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. सहा महिन्यांपूर्वी त्याला बी-सेल ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, असल्याचं कळलं. केमोनंतर रिमिशन आलं, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला, तेव्हा वाटलं सुटलो. आता डॉक्टर म्हणतात, रिमिशन आहे पण एमआरडी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे आजाराचा सूक्ष्म अंश अजून शिल्लक आहे. आधी ब्लिनाट्युमोमॅब नावाचं औषध द्यायचं आणि मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं, असं ठरतंय. माझं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) त्याच्याशी पूर्ण जुळलंय, त्यामुळे पेशी मीच देणार आहे. मी ३४ वर्षांची आहे, मला दोन मुलं आहेत.

आमचा एक चुलतभाऊ रोज बातम्या पाठवतो. जीन एडिटिंगने रक्ताचा आजार बरा झाला, कार-टी पेशींनी (प्रयोगशाळेत बदललेल्या प्रतिकारपेशींनी) कॅन्सर गायब, ल्युपससुद्धा बरा. तो म्हणतो, जग कुठल्या कुठे गेलंय आणि तुम्ही ट्रान्सप्लांटसारखी जुनी गोष्ट करताय, जरा थांबा. काका उलटं सांगतात. कार-टीनेच कॅन्सर होतो, असं त्यांनी वाचलंय. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसते आणि जितकं वाचते तितकी जास्त घाबरते. माझ्याच पेशी माझ्या भावाच्या शरीरावर उलटल्या तर? भाऊ म्हणतो, मला काहीही वाचून दाखवू नकोस. आम्ही थांबावं का? आणि त्याला मी काय सांगू?

एक बहीण

ताई,

थांबू नका. हे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. रिमिशनमध्ये एमआरडी पॉझिटिव्ह येणं ही आजाराची आगाऊ लागलेली चाहूल असते. ती लागल्यानंतरचे आठवडे फार मोलाचे. पुढेमागे येईल अशा एखाद्या उपचाराची वाट बघण्यात ते घालवायचे नसतात.

चुलतभावाचं एक म्हणणं खरं आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रक्ताच्या आजारांत जे घडलं, ते मी उमेदवारी करत होते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. पण तुमच्या भावासाठी जे ठरतंय ते जुनं आहे, हे त्याचं म्हणणं चुकीचं आहे. एमआरडीची तपासणी, ब्लिनाट्युमोमॅब आणि आजच्या पद्धतीने होणारं ट्रान्सप्लांट या तिन्ही गोष्टी त्याच नव्या संशोधनातून आल्या आहेत. त्यांच्या बातम्या तुम्हाला फॉरवर्ड होऊन आल्या नाहीत, इतकंच.

एमआरडीपासूनच सुरुवात करते, कारण ते माझ्या कामाचं आहे. मी हयातभर पॅथॉलॉजीत काम केलं. मॅरोची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, पाचशे पेशी मोजायच्या, त्यात ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, पाच टक्क्यांच्या आत असले आणि बाकीचं रक्त सावरलेलं असलं की 'रिमिशन' असं लिहायचं. ल्युकेमियाचं निदान होतं तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी कर्कपेशी असतात. त्या शंभरपटीने कमी झाल्या तरी हजार कोटी उरतात, आणि तेवढ्या उरल्या तरी काच डोळ्यांना साफ दिसते. एका तरुणाच्या रिपोर्टवर मी असंच रिमिशन लिहिलं होतं. आठ महिन्यांनी त्याची नवी काच माझ्या टेबलावर आली, ब्लास्टनी गच्च भरलेली. मी त्याची जुनी काच शोधून काढली आणि तासभर पुन्हा पाहत बसले. तिच्यात काहीही सापडलं नाही. मोजण्यात चूक झाली नव्हती. जे उरलं होतं ते दिसेल असं साधनच माझ्यापाशी नव्हतं. तो तासभर मी अजून विसरलेले नाही.

आज फ्लो सायटोमेट्री या पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीने दहा हजार पेशींतली एक कर्कपेशी ओळखता येते. जनुकांचं वाचन करणाऱ्या तपासण्या तर दहा लाखांत एक इतक्या खोल जातात. एरवी तुमच्या भावाचा उरलेला आजार पुन्हा वाढून रक्तात उतरल्यावर कळला असता. तो आत्ताच दिसलाय, त्याची तब्येत सावरलेली असताना, औषध सोसण्याची ताकद असताना. 'रिमिशन आहे पण एमआरडी पॉझिटिव्ह आहे' या वाक्यातल्या 'पण'ने तुमची झोप उडवली, हे मी समजू शकते. त्या तरुणाच्या रिपोर्टवर मला हा 'पण' लिहिता आला असता तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

आता त्या बातम्यांकडे येऊ. रक्ताचा कॅन्सर हे एका आजाराचं नाव नाही. तो एक मोठा वाडा आहे आणि त्यात डझनावारी वेगळी बिऱ्हाडं राहतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. उदाहरण देते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात फिलाडेल्फिया क्रोमोसोम नावाची खूण असते. ती १९६० साली सापडली, आणि तिच्यावर नेमका बसणारा इमॅटिनिब हा पदार्थ २००१ साली गोळी म्हणून बाजारात आला. रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं आपापलं काम करत जगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तीच गोळी ती खूण नसलेल्या ल्युकेमियाला दिली तर उपयोग शून्य. तुमच्या भावाच्या जातीच्या ल्युकेमियातही काही रुग्णांत ही फिलाडेल्फियाची खूण असते, आणि ती असेल तर त्या कुळातल्या गोळ्या उपचारात येतात. त्याच्या रिपोर्टात त्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. म्हणून माझं सांगणं एवढंच की बातमी आली की आधी रिपोर्ट काढा. आजाराचं पूर्ण नाव, बी-पेशींचा की टी-पेशींचा, फिलाडेल्फिया आहे की नाही, सीडी१९ ही पेशीवरची खूण आहे की नाही, आणि आजाराचा टप्पा कोणता. बातमीतला रुग्ण या ओळींशी जुळत नसेल तर ती बातमी आनंदाने वाचावी आणि बाजूला ठेवावी.

चुलतभावाच्या बातम्या अशा लावून पाहू.

जीन एडिटिंगची बातमी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची असणार. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने क्रिस्पर या जनुकांच्या कात्रीवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. फार मोठी गोष्ट आहे ती. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर जन्मापासून चुकलेलं असतं. हा उपचार त्या अक्षराला हातसुद्धा लावत नाही. बाळ आईच्या पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनवतं, आणि जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक ते बंद पाडतं. रुग्णाच्या मूळ पेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल, बाहेर काढून त्या जनुकाचं रक्तपेशींतलं बटण तोडतात, की गर्भातलं ते हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागतं. अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा एकही झटका आलेला नव्हता. ज्यांनी सिकलसेलचा झटका आलेलं लेकरू पाहिलंय त्यांनाच या आकड्याची किंमत कळेल. मात्र त्या उपचारातही, दुरुस्त पेशी परत सोडण्याआधी, जुना मॅरो रिकामा करणारी जबर केमो घ्यावीच लागते. बातमीत ही ओळ क्वचितच असते.

तुमच्या भावाला याचा उपयोग का नाही? सिकलसेलमध्ये पेशी दुरुस्त करून ठेवायची असते. ल्युकेमियात दुरुस्त करून ठेवण्यासारखं काही नसतं. ती पेशी जायलाच हवी, एकूण एक. जनुकांची कात्री इथे कर्कपेशीवर चालवत नाहीत, तिला मारायला पाठवायच्या पेशी घडवण्यासाठी वापरतात. लंडनमध्ये २०२२ साली एका १३ वर्षांच्या मुलीला अशा घडवलेल्या टी-पेशी दिल्या, जनुकातलं एकेक अक्षर बदलून. ही बातमीही तुमच्याकडे आली असेल. तिचा ल्युकेमिया टी-पेशींचा होता, तुमच्या भावाचा बी-पेशींचा आहे. आणि त्या पेशींनी आजार मागे हटल्यावर तिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावंच लागलं. चुलतभाऊ ज्याला जुनं म्हणतो, ते तिथेही शेवटच्या पायरीला होतंच.

ल्युपसची बातमी खरी आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी कार-टी दिलेल्या १५ रुग्णांचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध केले. त्यात ल्युपसचे रुग्ण होते आणि तशाच, शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या, आणखी दोन आजारांचे. पण तो आजारच वेगळा आहे, त्यामुळे इथे त्यात अडकू नका.

उरलं कार-टी. याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण हे तुमच्या भावाच्या आजाराच्या अगदी जवळचं आहे. आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई. विषाणू शिरलेली पेशी हुडकून त्या तिला भोकं पाडतात आणि आतून संपवतात. ल्युकेमियाची पेशी मात्र त्यांना ओळखू येत नाही, ती घरातलीच वाटते. कार-टीमध्ये रुग्णाच्या टी-पेशी यंत्राने गाळून घेतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवीन जनुक घालतात, आणि त्यांच्या अंगावर एक हुक उगवतो. तो हुक बी-पेशींवरच्या सीडी१९ या खुणेला नेमका पकडतो. त्या पेशी वाढवून सलाईनसारख्या परत सोडतात. एप्रिल २०१२मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला त्या दिल्या. ल्युकेमिया झालेलं आणि हा उपचार मिळालेलं ते जगातलं पहिलं मूल. शिपाई इतक्या त्वेषाने लढले की ताप आणि कोसळलेल्या रक्तदाबाने ती मरणाच्या दारात गेली. तिच्या रक्तात आयएल-६ नावाचं रसायन प्रचंड वाढलेलं सापडलं. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे आयएल-६ला अडवणारं संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि एमिली सावरली. आज ती मोठी झाली आहे, आणि तो आजार परतलेला नाही.

२०१७च्या ऑगस्टमध्ये या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत ७५ मुलांना आणि तरुणांना त्या पेशी दिल्या होत्या. तीन महिन्यांच्या आत ८१ टक्क्यांत रिमिशन आलं. मात्र वर्षअखेरीला आजार न परतता किंवा दुसरं काही विपरीत न होता राहिलेल्यांचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं. बातमीत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. शिवाय ती मान्यता २५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांना होती, आणि तीही आजार उलटल्यावर किंवा कशालाच दाद देत नसल्यावर. मोठ्यांसाठीची वेगळी कार-टी उत्पादनं २०२१ आणि २०२४ साली आली, पण तीही उलटलेल्या किंवा न हटणाऱ्या आजारासाठीच. तुमच्या भावाचा आजार उलटलेला नाही. त्याच्यासाठी कार-टी नाकारलेली नाही, ती हातची राखून ठेवलेली आहे.

काकांनाही उत्तर द्यायला हवं, कारण त्यांनी वाचलं ते अगदीच निराधार नाही. कार-टी घेतलेल्या काही रुग्णांना पुढे टी-पेशींचाच कॅन्सर झाला, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३च्या शेवटी त्याची चौकशी सुरू करून औषधांवर इशारा छापायला लावला. तिथे तोवर २७ हजारांहून जास्त डोस दिले गेले होते, त्यात अशी २२ प्रकरणं नोंदली होती. ज्याचा ल्युकेमिया परतलाय त्याच्यासाठी त्या ल्युकेमियाचा धोका याच्या कित्येक पट मोठा असतो. तेव्हा डॉक्टरांनी उद्या कार-टी सुचवली तर काकांच्या भीतीपोटी ती नाकारू नका.

आता ब्लिनाट्युमोमॅब. हे दोन हातांचं औषध आहे. एका हाताने ते टी-पेशीला धरतं, दुसऱ्या हाताने कर्कपेशीवरच्या त्याच सीडी१९ला, आणि दोघांना इतकं जवळ आणतं की शिपायाला समोरचा चोर दिसतोच. कार-टीमध्ये पेशी बाहेर नेऊन, काही आठवडे खपून जे घडवतात, तेच काम हे औषध भावाच्या स्वतःच्या, न बदललेल्या टी-पेशींकडून करून घेतं. बाटली उघडली की लगेच, वाट न पाहता. तुमच्या चुलतभावाला हे वाचून दाखवा. तो ज्याची वाट बघायला सांगतोय, ते 'प्रतिकारशक्तीच्या पेशींनी कॅन्सर मारणं' तुमच्या भावाच्या बाबतीत आता सुरू होणार आहे.

आणि या टप्प्यावरचा अभ्यास अगदी त्याच्याच सारख्या रुग्णांवर झालाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रिमिशन आलेलं, पण एमआरडी शिल्लक, असे प्रौढ रुग्ण. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधाच्या पहिल्या फेरीनंतर ११३ पैकी ८८ जणांची एमआरडी पूर्ण नाहीशी झाली, म्हणजे ७८ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत एमआरडीसाठी या औषधाला मान्यता मिळाली. ज्यांची एमआरडी आधीच निगेटिव्ह होती अशा प्रौढांनाही केमोबरोबर हे दिलं, तर तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ६८वरून ८५ टक्क्यांवर गेलं. तो अभ्यास २०२४चा आहे. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या काळात या आजाराच्या मोठ्या माणसांबद्दल असे आकडे कुणी बोलत नसे.

तरी ११३मधले २५ जण उरतात, हे मी लपवणार नाही. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा: पहिल्या फेरीनंतर एमआरडी उरली तर पुढचा बेत काय? तेव्हा कार-टी येईल, की सीडी२२ या दुसऱ्या खुणेवर नेम धरणारं इनोट्युझुमॅब हे औषध? आणि फेरीनंतरच्या फ्लोमध्ये उरलेल्या पेशींवर सीडी१९ अजून आहे का, हे पाहणार ना? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. ब्लिना आणि कार-टी दोन्ही एकाच खुणेवर चालून जातात. आजार कधी कधी ती खूणच टाकून देतो, आणि मग दोन्ही अस्त्रं बोथट होतात.

औषधाबद्दल घरी उपयोगी पडेल असं थोडं सांगते. हे औषध शरीरातून काही तासांत निघून जातं, म्हणून ते पंपातून रात्रंदिवस चार आठवडे सलग द्यावं लागतं. सुरुवातीचे दिवस हॉस्पिटलमध्येच राहावं लागेल. पुढे पुष्कळदा पंप पिशवीत घालून हिंडता येतं, पण नळी ओढली जाणं, वाकणं, घरच्या घरी बंद करून पुन्हा सुरू करणं यातलं काहीही चालत नाही. ताप आला, धाप लागली, चक्कर आली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. आणि रोज एकाच वेळी त्याच्याकडून वहीत एक वाक्य लिहून घ्या, कुठलंही. या औषधाचा आणि कार-टीचाही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. अक्षर हलतं, शब्द आठवत नाहीत, शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजता येत नाही. त्याचं अक्षर डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त ओळखीचं आहे. कालच्यापेक्षा आज ते वेडंवाकडं आलं तर लगेच कळवा. वेळेत कळलं तर पंप थांबवून आणि स्टेरॉइड देऊन बहुतेक वेळा हे पूर्ण ओसरतं.

आता तुमचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्ही रात्री दोनला स्वतःला विचारत असता. माझ्या पेशी त्याच्यावर उलटल्या तर?

उलटू शकतात. पण ट्रान्सप्लांटने ल्युकेमिया बरा होतो तो नुसत्या केमोमुळे नाही, हे आधी समजून घ्या. तुमच्या मूळ पेशींबरोबर तुमच्या टी-पेशीही त्याच्या शरीरात जातात. त्याच्या स्वतःच्या शिपायांना जो चोर घरातला वाटत होता, तो तुमच्या शिपायांना परका वाटतो, आणि ते त्याला मारतात. तुमचं भावाला खरं देणं हे आहे. धोकाही याच देण्यात असतो. त्याच टी-पेशींना त्याची त्वचा, आतडी, यकृतही परकी वाटू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. एचएलए पूर्ण जुळल्याने हा धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. तुम्हाला मुलं आहेत का, हे डॉक्टरांनी विचारलं असेल किंवा विचारतील. गरोदरपणात बाईची प्रतिकारशक्ती बाळाच्या पेशींशी ओळख करून घेते, आणि अशा बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर जीव्हीएचडीची शक्यता थोडी वाढते. यात तुमचा दोष काही नाही, आणि एवढ्यावरून जुळलेली बहीण सहसा कुणी नाकारत नाही. डॉक्टरांना हे माहीत असणं मात्र गरजेचं आहे.

आणि इथेही संशोधन थांबलेलं नाही. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं जुनंच औषध ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी द्यायचं, ही युक्ती आधी अर्धवट जुळणाऱ्या दात्यांसाठी निघाली. रुग्णाचं शरीर पाहून चवताळलेल्या टी-पेशी त्याच दिवसांत वेगाने दुभंगत असतात, त्या नेमक्या मरतात. शांत असलेल्या मूळ पेशींकडे हे औषध निकामी करणारं विकर असतं, त्या वाचतात. २०२३ साली पूर्ण जुळणाऱ्या दात्यांच्या ट्रान्सप्लांटमध्ये, सौम्य केमो घेतलेल्या रुग्णांत, याची जुन्या पद्धतीशी तुलना झाली. गंभीर किंवा औषधं लागणारी दीर्घकालीन जीव्हीएचडी नाही, आजार परतला नाही आणि रुग्ण जिवंत आहे, असे सगळे निकष एका वर्षाने पुरे करणारे नव्या पद्धतीत सुमारे ५३ टक्के होते, जुन्यात ३५. भावाच्या ट्रान्सप्लांटमध्ये जीव्हीएचडी रोखायला काय वापरणार, हे विचारा. २०२५चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं, ते आपल्याच शिपायांना आवर घालणाऱ्या टी-पेशींच्या शोधासाठी. दात्याच्या या आवरणाऱ्या पेशी वेगळ्या काढून रुग्णाला देण्याच्या चाचण्याही चालू आहेत. तुमची भीती जगभरच्या संशोधकांनी प्रश्न म्हणून हाती घेतलेली आहे.

तुमच्या स्वतःच्या बाजूने सांगायचं तर, बहुधा तुम्हाला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतील. त्याने मूळ पेशी मॅरोतून रक्तात उतरतात. हाडं दुखतील, कंबर जास्त. मग काही तास यंत्राला जोडून त्या गाळून घेतील. तुमचा मॅरो ही तूट स्वतःच भरून काढतो. तुमची तपासणी करणारा डॉक्टर भावावर उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, असा आग्रह धरा. तुमच्या तब्येतीचा विचार फक्त तुमच्यासाठी करणारं कुणीतरी हवं, आणि मनात शंका असेल तर ती भावाच्या डॉक्टरांसमोर बोलायला जड जातं. ट्रान्सप्लांट लागलं की त्याच्या रक्तात तुमच्या एक्सएक्स क्रोमोसोमच्या पेशी दिसतील, रक्तगट वेगळे असतील तर त्याचा रक्तगट बदलून तुमचा होईल. रिपोर्टात ते वाचून दचकू नका. तसंच व्हायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी गडबडीत राहून जाते आणि नंतर फार सलते. तो २७ वर्षांचा आहे. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने किंवा रेडिएशनने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. शुक्राणू गोठवून ठेवायचं कुणी सुचवलं होतं का, आता ते शक्य आहे का, हे आताच विचारा. बहीण म्हणून अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा की त्याच्याशी एकट्याने बोला.

राहिला तो स्वतः. 'मला काही वाचून दाखवू नकोस' हे त्याचं म्हणणं मला पळपुटेपणाचं वाटत नाही. आजार त्याच्या अंगात आहे. निदान खोलीत तरी तो नको, असं त्याला वाटत असेल. त्याला एकदाच विचारा: निर्णय घ्यायच्या वेळी तुला कळायलाच हवं असं काय आहे, आणि बाकीचं मी सांभाळू का? तो सांगेल तेवढंच सांगा. कागदावर सही करण्यापुरतं त्याला डॉक्टरांकडूनच सगळं कळायला हवं, ते तुमच्यामार्फत नको. त्याने 'मी बरा होईन का' असं विचारलंच, तर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. त्याच्या आजाराचा उरलेला अंश वेळेत सापडलाय, त्याच्यावरच नेम धरणारं औषध आहे, आणि त्यानंतर पेशी द्यायला तुम्ही आहात, हे सांगा. यातला शब्दन् शब्द खरा आहे, त्यामुळे सांगताना तुमचा आवाज कापणार नाही.

चुलतभावाला ठणकावून बंद करू नका, तो प्रेमापोटीच पाठवतोय. त्याला काम द्या. फेरीच्या आठवड्यांत रक्त आणि प्लेटलेट लागतील, त्यांच्या दात्यांची यादी त्याने करावी. बातम्यांचा गट मात्र रात्री नऊनंतर बघायचा नाही. तुम्ही दाता आहात, आणि दात्याला झोप हवी.

पहिली फेरी संपल्यावर मॅरोची तपासणी होईल. तिच्यातला एमआरडीचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढलाय, हे दोन्ही मला कळवा.